जर्मन शेफर्ड पिलाचे पहिले वर्ष

हैदराबाद व सिकंदराबाद या जुळ्या शहरांत बंगल्याच्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी दिसली की, आत जर्मन शेफर्ड असावा, असा तर्क पाहणारा सहज करतो. मारेडपल्लीतील जुन्या बंगल्यांपासून काचीगुडा भागातील मराठी कुटुंबांच्या घरांपर्यंत आणि गच्चीबावलीच्या बहुमजली इमारतींपर्यंत या कुत्र्याची हौस पसरलेली आहे. जुनी मंडळी त्याला आजही ‘अल्सेशियन’ याच नावाने ओळखतात. एकेकाळी हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्यातील शहरांतही ही हौस आढळते. दख्खनच्या पठाराचे तेथील हवामानही हैदराबादच्या हवामानाशी पुष्कळसे मिळतेजुळते असल्याने हैदराबादच्या श्वानपालकास ज्या गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात, त्या मराठवाड्यातील श्वानपालकासही तितक्याच उपयोगी आहेत.

पिलू घरी आणणे सोपे. परंतु ते वाढविणे हे वर्षभराचे काम आहे. या जातीच्या पिलाचे शरीर पहिल्या वर्षात इतक्या झपाट्याने वाढते की, त्या काळात झालेली चूक पुढे आयुष्यभर त्याच्या सांध्यांत राहते. विशेष म्हणजे या चुका बहुधा दुर्लक्षातून नव्हे, तर घाईतून होतात. पिलू लवकर घरी यावे, लवकर धष्टपुष्ट व्हावे, त्याचे कान लवकर उभे राहावेत आणि त्याने लवकर राखण करू लागावे, अशी मालकाची इच्छा असते. निसर्गाचा क्रम मात्र वेगळा असतो. तो क्रम समजून घेतला, तर संगोपनाचे अर्धे काम सोपे होते.

पूर्वपीठिका

जर्मन शेफर्ड हा मूळचा मेंढपाळांचा कुत्रा होय. जर्मनीच्या निरनिराळ्या प्रांतांत मेंढ्या वळविणारे जे कुत्रे होते, त्यांच्यातून निवड करून एक निश्चित जात घडविण्याचे श्रेय घोडदळातील अधिकारी मॅक्स फॉन श्टेफानिट्झ यांना दिले जाते. १८९९ साली एका श्वानप्रदर्शनात पाहिलेला कुत्रा त्यांनी विकत घेतला, त्याला ‘होरांड’ हे नाव दिले आणि त्याच वर्षी या जातीच्या संघाची स्थापना केली. होरांड हा या जातीचा पहिला नोंदणीकृत कुत्रा. दिसण्यापेक्षा कामाची योग्यता मोठी, हे श्टेफानिट्झ यांचे सूत्र होते. पहिल्या महायुद्धामुळे ब्रिटनमध्ये ‘जर्मन’ हा शब्द अप्रिय झाला, तेव्हा तेथे याच कुत्र्यास फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरील अल्सेस प्रांतावरून ‘अल्सेशियन’ हे नाव मिळाले. भारतात हेच नाव रूढ झाले. ब्रिटनमध्ये १९७७ साली मूळ नावास पुन्हा मान्यता मिळाली.

दिवसभर कळपाबरोबर चालणे, मेंढपाळाचा इशारा ओळखणे आणि कळपाबाहेरील अनोळखी हालचालीवर लक्ष ठेवणे हे या कुत्र्याचे मूळ काम. त्याच्या अंगचे सर्व गुण या कामातून आलेले आहेत. पोलीस आणि लष्कर यांनी त्याची निवड केली ती याच गुणांसाठी. हैदराबादजवळ मोइनाबाद येथील पोलीस खात्याच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात लॅब्रॅडोर, बेल्जियन मॅलिनॉ इत्यादी जातींबरोबर जर्मन शेफर्डलाही प्रशिक्षण दिले जाते. तेथे प्रत्येक कुत्र्याबरोबर त्याचा हस्तकही शिकत असतो. घरातील पिलाच्या बाबतीतही हेच घडावे लागते. शिकावे लागते ते पिलाबरोबर त्याच्या मालकासही.

पिलाची शरीरलक्षणे

पूर्ण वाढ झालेल्या नराची खांद्यापाशी उंची ६० ते ६५ सेंटिमीटर व वजन ३० ते ४० किलो असते. मादीची उंची ५५ ते ६० सेंटिमीटर व वजन २२ ते ३२ किलो असते. शरीराची लांबी उंचीपेक्षा थोडी अधिक असते, त्यामुळे हा कुत्रा चौरस न दिसता किंचित लांबट दिसतो. जन्मतः साधारण अर्धा किलोच्या आसपास असलेले पिलू वर्षभरात ही उंची जवळजवळ गाठते. म्हणजे बारा महिन्यांत त्याचे वजन कित्येक पटींनी वाढते. ही गती डोळ्यांसमोर ठेवली की, आहार व व्यायाम यांबाबत पुढे सांगितलेल्या दक्षतेचे कारण लक्षात येईल.

जन्मलेले पिलू आंधळे व बहिरे असते. सुमारे दहा ते चौदा दिवसांनी डोळे उघडतात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला ऐकू येऊ लागते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुधाचे दात दिसू लागतात. दुधाचे दात २८ असतात. चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत कायमचे ४२ दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवत असल्याने पिलू चपला, खुर्चीचे पाय, जे सापडेल ते चावते. तो त्याचा खोडकरपणा नसून शरीराची गरज होय. अशा वेळी त्याला चावण्यास योग्य वस्तू द्यावी. जबडा मिटला असता वरचे पुढील दात खालच्या दातांवर कात्रीच्या पात्यांप्रमाणे बसले पाहिजेत. दुधाचा सुळा न पडता त्याच्या शेजारी कायमचा सुळा आला असेल, तर पशुवैद्यकास दाखवावे.

पिलाच्या रंगावरून पुष्कळांची निराशा होते. काळ्या-तांबूस रंगाचे पिलू जन्मतः बहुतांशी काळेच दिसते. वय वाढते तसा पाय, छाती व चेहरा यांवरील तांबूस रंग पसरत जातो आणि काळा रंग पाठीवर खोगिराप्रमाणे उरतो. म्हणून दोन महिन्यांच्या पिलाच्या रंगावरून मोठ्या कुत्र्याच्या रंगाचा अंदाज बांधू नये. काळा-तांबूस याशिवाय सर्वांगाने काळा व करडा हेही मान्य रंग आहेत. पांढऱ्या रंगाची पिले निपजतात, परंतु या जातीच्या आंतरराष्ट्रीय निकषांत तो रंग मान्य नाही. एखादा विक्रेता पांढरे पिलू ‘दुर्मिळ’ म्हणून अधिक किमतीस विकत असेल, तर खरेदीदाराने सावध राहावे.

कानांची चिंता ही नव्या श्वानपालकाची नेहमीची चिंता होय. दोन महिन्यांच्या पिलाचे कान खाली पडलेले असणे स्वाभाविक आहे. तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात कानातील कूर्चा बळकट होऊन ते उभे राहू लागतात. प्रथम एक कान उभा राहतो, कधी दोन्ही कान डोक्यावर एकमेकांकडे झुकतात, तर दात येण्याच्या काळात उभे राहिलेले कान पुन्हा पडतात. या सर्व अवस्था तात्पुरत्या असतात. कान चोळणे किंवा घरच्या घरी चिकटपट्ट्या लावून बांधणे यांमुळे कोवळ्या कूर्चेस इजा होण्याचा संभव असतो. सातव्या महिन्यानंतरही कान खालीच राहिले, तर ते पुढे उभे राहण्याची शक्यता कमी असते. परंतु त्यामुळे कुत्र्याच्या आरोग्यास वा बुद्धीस काहीच बाधा येत नाही.

अंगावरील केसांचे आवरण दुहेरी असते. वरचे केस राठ व सरळ, तर खालचा थर दाट लोकरीसारखा असतो. वर्षातून दोनदा हा खालचा थर मोठ्या प्रमाणावर गळतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा केस विंचरणे पुरेसे आहे. स्नान मात्र वारंवार घालू नये, कारण त्यामुळे त्वचेतील नैसर्गिक स्निग्धता कमी होते.

पिलू निवडताना

पिलू आठ आठवडे आईजवळ राहिलेच पाहिजे. या काळात ते केवळ दूध पीत नाही, तर भावंडांशी खेळताना चाव्याचा जोर किती असावा, हेही शिकते. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिलाची विक्री करण्यास २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्रीविषयक केंद्रीय नियमांन्वये मनाई आहे. तरीही चार-पाच आठवड्यांची पिले बाजारात दिसतात, कारण त्या वयात ती अधिक गोजिरवाणी दिसतात आणि विक्रेत्याचा खाण्याचा खर्च वाचतो. अशी खरेदी म्हणजे आजारास आमंत्रण होय.

शक्य असेल तर पिलू जेथे जन्मले तेथे जाऊन पिलाची आई पाहावी. आई भेदरलेली किंवा विनाकारण अंगावर येणारी असेल, तर तो स्वभाव पिलांतही उतरण्याची शक्यता असते. निरोगी पिलाचे डोळे स्वच्छ, नाक स्रावरहित व शेपटीखालील भाग कोरडा असतो. पोट जेवणानंतर थोडे भरलेले दिसणे ठीक, परंतु बरगड्या दिसत असून पोट मात्र नगाऱ्यासारखे फुगलेले असेल, तर जंतांची शंका घ्यावी. नर पिलाचे दोन्ही वृषण खाली उतरले आहेत की नाहीत आणि बेंबीपाशी फुगवटा आहे काय, हे पाहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आई-वडिलांच्या खुब्यांची क्ष-किरण तपासणी झाली आहे काय, हे विचारावे. वंशावळीचे प्रमाणपत्र हा कुळाचा पुरावा होय, आरोग्याचा नव्हे.

आहार : वाढीची घाई नको

दोन ते तीन महिन्यांच्या पिलास दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि त्यानंतर दोन वेळा खाणे द्यावे. प्रत्येक वेळी ठरावीक प्रमाणात द्यावे आणि वीस मिनिटांनंतर उरलेले उचलून घ्यावे. स्वच्छ पाणी मात्र सदैव समोर असावे.

आपल्याकडील पिलांच्या आहारात दोन टोके दिसतात. एका टोकास केवळ दूध-भाकरी किंवा दूध-भात असतो. त्याने पोट भरते, पण वाढीस लागणारी प्रथिने पुरेशी मिळत नाहीत. शिवाय काही पिलांना दूध पचत नाही व जुलाब होतात. दुसऱ्या टोकास केवळ मांस असते. मांसात फॉस्फरस पुष्कळ व कॅल्शियम अत्यल्प असते. अशा आहारावर वाढणाऱ्या पिलाचे शरीर रक्तातील कॅल्शियमची पातळी राखण्यासाठी हाडांतील कॅल्शियम काढून घेते. परिणामी पाय वाकतात आणि साध्या उडीनेही हाड मोडू शकते.

हे ऐकले की पुष्कळ श्वानपालक कॅल्शियमच्या बाटल्या आणून ठेवतात. येथेच दुसरी चूक होते. मोठा कुत्रा गरजेपेक्षा अधिक मिळालेले कॅल्शियम आतड्यातून शोषून घेण्याचे टाळू शकतो. सहा महिन्यांच्या आतील पिलाच्या शरीरास हे नियंत्रण नीट साधत नाही. पोटात गेलेल्या कॅल्शियमचा मोठा भाग ते शोषून घेते. त्यामुळे वाढत्या हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेचे हाडात रूपांतर होण्याची क्रिया बिघडते व सांधे सदोष होतात. ज्या औषधाने हाडे मजबूत व्हावीत, त्यानेच ती बिघडतात. मोठ्या जातींच्या पिलांसाठी तयार केलेले संतुलित खाद्य दिले जात असेल, तर वेगळे कॅल्शियम देऊ नये. घरचे जेवण दिले जात असेल, तर कॅल्शियम किती द्यावे हे पशुवैद्यकाने ठरवावे.

घरच्या जेवणात शिजविलेली अंडी, हाडे काढलेले चिकन, भात किंवा ज्वारीची भाकरी, लाल भोपळा, गाजर आणि थोडे दही यांचा समावेश करता येतो. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट हे पदार्थ कुत्र्यास विषारी ठरतात. हैदराबादेत रविवारच्या बिर्याणीतील उरलेली हाडे पिलापुढे टाकण्याची रीत अनेक घरांत आहे. शिजलेले हाड ठिसूळ होऊन त्याचे अणकुचीदार तुकडे होतात व ते आतड्यास भोक पाडू शकतात. बिर्याणीतील कांदा व मसाला यांमुळे होणारा त्रास तो वेगळाच.

पिलू गुटगुटीत असावे, ही कल्पनाही सोडून दिली पाहिजे. वरून पाहिले असता पिलाची कंबर दिसावी आणि हात फिरविला असता बरगड्या सहज लागाव्यात, ही योग्य स्थिती होय. सडसडीत राहिलेल्या पिलाची वाढ थोडी सावकाश झाली, तरी अंतिम उंची कमी होत नाही. सांध्यांवरील भार मात्र निश्चित कमी होतो.

सांधे आणि व्यायाम

हिप डिसप्लेशिया हा या जातीतील सर्वांत परिचित विकार होय. यात मांडीच्या हाडाचा गोल खुब्याच्या खोबणीत घट्ट बसत नाही. चालताना तो सैल हालतो, सांधा झिजतो आणि पुढे संधिवात जडतो. उठताना त्रास होणे, मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशाप्रमाणे धावणे, जिना चढण्याची टाळाटाळ करणे ही त्याची लक्षणे आहेत. विकाराचे मूळ आनुवंशिक असते. परंतु तो किती तीव्र होईल, हे बऱ्याच अंशी वाढीच्या काळातील वजन, आहार व व्यायाम यांवर अवलंबून असते. आनुवंशिकता बदलणे मालकाच्या हाती नाही. या तीन गोष्टी मात्र त्याच्या हाती आहेत.

पहिल्या वर्षात पिलास सायकलीमागे वा स्कूटरमागे पळवू नये. उंचावरून उड्या मारावयास लावू नये. जिने चढण्या-उतरण्याचे प्रसंग कमी ठेवावेत. मोकळ्या मातीच्या जागेत स्वतःच्या मर्जीने खेळणे व दमल्यावर थांबणे हाच पिलाचा उत्तम व्यायाम होय. घरातील फरशीचाही येथे विचार करावा लागतो. हैदराबादच्या जुन्या घरांतील शहाबादी किंवा तांदुरी फरशी खडबडीत असेल, तर पिलाचा पाय टिकतो. नव्या सदनिकांतील गुळगुळीत फरशीवर मात्र त्याचे मागचे पाय सारखे फाकतात. अशा घरात पिलाच्या वावरण्याच्या जागी तरट किंवा रबरी चटई अंथरावी.

पाच ते बारा महिन्यांच्या दरम्यान पिलू एकाएकी लंगडू लागते, काही दिवसांनी तो पाय बरा होऊन दुसरा दुखू लागतो, असेही कधी आढळते. वाढत्या हाडांच्या या दुखण्यातून पिले बहुधा पूर्ण बरी होतात. तथापि लंगडण्याचे निदान घरी करू नये. माणसाची वेदनाशामक गोळी तर कदापि देऊ नये, कारण त्यांतील अनेक गोळ्या कुत्र्यांच्या यकृतास, मूत्रपिंडास वा जठरास घातक असतात.

लसीकरण

पिलाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पार्व्हो हा विषाणू. १९७८ च्या सुमारास तो प्रथम ओळखला गेला व थोड्याच काळात जगभर पसरला. तो मातीत कित्येक महिने टिकून राहतो. चपलांना लागूनही तो घरात येतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही दिवस जातात. म्हणूनच बाजारातून आणलेले पिलू चार दिवस आनंदाने खेळते आणि पाचव्या दिवशी खाणे सोडते. त्यानंतर उलट्या व दुर्गंधीयुक्त रक्ती जुलाब सुरू होतात. अशा वेळी घरगुती उपायांत एक दिवस घालविणे म्हणजे पिलाचे प्राण घालविणे होय. शरीरातील पाणी झपाट्याने कमी होत असल्याने शिरेतून सलाइन देणे तातडीचे असते.

लस एकदाच न देता पुन्हा पुन्हा का द्यावी लागते, असा प्रश्न अनेकजण विचारतात. पिलास आईच्या पहिल्या दुधातून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. ती शिल्लक असेपर्यंत लसीचा परिणाम होऊ देत नाहीत आणि ती कोणत्या आठवड्यात संपतील, हे प्रत्येक पिलाच्या बाबतीत निराळे असते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून आरंभ करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत, लस द्यावी लागते. डिस्टेंपर, हिपॅटायटिस, पार्व्हो व लेप्टोस्पायरोसिस यांविरुद्धची संरक्षणे एकत्रित लसीत असतात. लेप्टोस्पायरोसिस उंदीर-घुशींच्या लघवीने दूषित पाण्यातून पसरतो आणि माणसासही होतो. पावसाळ्यात पिलास साचलेल्या पाण्यापासून दूर ठेवावे.

रेबीजची लस बारा आठवड्यांच्या सुमारास व त्यानंतर पशुवैद्यकाने सांगितलेल्या मुदतीत नियमित द्यावी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की, मनुष्य असो वा पशू, मृत्यू जवळजवळ अटळ असतो. परंतु लसीने तो पूर्णपणे टाळता येतो. या कामी हैदराबादचे नाव विशेष घेण्याजोगे आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने १९८२ साली येथे स्थापन केलेली इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही संस्था पशूंसाठी व माणसांसाठी रेबीजची लस तयार करते. घरच्या पिलाचा दात लागून रक्त आले, तरीही जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता वैद्यकीय सल्ला घ्यावा. ‘आपलेच पिलू आहे’ हे लस न घेण्याचे कारण होऊ शकत नाही.

जंतांचे औषध दोन आठवड्यांच्या वयापासून सुरू करून आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्यास, नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा द्यावे. पिलाच्या विष्ठेतील गोलजंतांची अंडी मातीतून लहान मुलांच्या पोटात जाण्याचा धोका असतो. म्हणून हे औषध घरातील मुलांच्या आरोग्याच्या दृष्टीनेही आवश्यक आहे.

गोचिडांचा बंदोबस्त

उष्ण प्रदेशात गोचीड वर्षभर आढळते. कुत्र्यांवरील तपकिरी गोचीड भिंतींच्या भेगांत व दारांच्या फटींत अंडी घालते. म्हणून केवळ पिलाच्या अंगावरील गोचिडी काढून भागत नाही, तर त्याच्या राहण्याच्या जागेचीही स्वच्छता करावी लागते. या गोचिडीतून एर्लिचिया व बॅबेशिया यांमुळे होणारे ताप पसरतात. ताप, अन्नावरील वासना जाणे, हिरड्या पांढुरक्या पडणे, नाकातून रक्त येणे यांपैकी काहीही दिसल्यास रक्ततपासणी करून घ्यावी. एर्लिचियाचा आजार जर्मन शेफर्डमध्ये विशेष तीव्र होतो, हा अनुभव महाग किंमत देऊन मिळालेला आहे. व्हिएतनाम युद्धात १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी लष्करातील अनेक कुत्री याच आजाराने दगावली व त्यांत बहुसंख्य जर्मन शेफर्ड होती.

गुरांसाठी आणलेले गोचीडनाशक पिलाच्या अंगावर ओतण्याचा प्रकार खेड्यांतून व शहरांच्या सीमेवर घडतो. तो जिवावर बेतू शकतो. औषधाची निवड व मात्रा पिलाच्या वयावरून व वजनावरून पशुवैद्यकानेच ठरवावयाची असते.

उन्हाळ्याचे तीन महिने

समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून अधिक उंचीवर असलेल्या हैदराबादेत रात्री बहुधा सुखावह असतात. परंतु एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. कुत्र्यास माणसाप्रमाणे सर्वांगास घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरील व श्वासमार्गातील ओलावा हवेत सोडून तो शरीर थंड ठेवतो. त्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. ते ४१ अंशांच्या वर गेले की उष्माघाताचा धोका निर्माण होतो. दाट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या जाणे ही त्याची लक्षणे होत. अशा पिलास तत्काळ सावलीत आणून अंगावर साधे गार पाणी ओतावे, पंख्याखाली ठेवावे आणि त्याच अवस्थेत रुग्णालयात न्यावे.

मार्च ते मे या काळात पिलास सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर चांगल्या अंधारातच फिरावयास न्यावे. रस्ता किती तापला आहे, हे हाताचा तळवा पाच-सात सेकंद टेकवून पाहावे. आपल्या हातास सोसवत नाही, ते पिलाच्या पायांसही सोसत नाही. बंद मोटारीत पिलास पाच मिनिटेही ठेवू नये. गच्चीवरील पत्र्याचे घर म्हणजे दुपारची भट्टी होय. उन्हाळ्यात केस भादरून टाकण्याचा मोहही टाळावा, कारण हेच केस उन्हापासून कातडीचे रक्षण करतात. गळलेला खालचा थर विंचरून काढणे हा खरा उपाय होय.

सवयी व शिक्षण

तीन ते चौदा आठवड्यांचा काळ पिलाच्या मनोविकासाचा असतो. या काळात जे पाहिले-ऐकले, ते त्यास ओळखीचे वाटते. जे पाहिले नाही, त्याची पुढे भीती वाटते आणि भ्यालेला कुत्राच बहुधा चावतो. प्रेशर कुकरची शिटी, रिक्षा, छत्री घेतलेला मनुष्य, टपालवाला, शाळेची मुले या सर्वांची सौम्य ओळख याच वयात करून द्यावी. आषाढातील बोनालूचे ढोल, गणेश विसर्जनाची मिरवणूक, दिवाळीचे फटाके यांनी गजबजणाऱ्या हैदराबादेत तर हे फारच आवश्यक आहे. लसी पूर्ण झाल्या नसल्यास पिलास जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन दाराशी वा गच्चीवर हे सर्व दाखविता येते.

शिकविताना एका कृतीसाठी एकच शब्द वापरावा. घरातील एकाने मराठीत ‘बस’, दुसऱ्याने तेलुगूत आणि तिसऱ्याने इंग्रजीत आज्ञा दिली, तर चूक पिलाची नसते. पाच-पाच मिनिटांचे पाठ दिवसातून तीन-चार वेळा द्यावेत. योग्य कृतीनंतर तत्क्षणी शाबासकी द्यावी. मारहाणीने पिलू कृती शिकत नाही, मारणाऱ्या हातास भिण्यास मात्र शिकते. ‘राखणदार तिखट व्हावा’ म्हणून त्यास चिडविणे किंवा अंधारात बांधून ठेवणे ही तर क्रूरताच होय. सतत बांधलेल्या कुत्र्यास पुरेसा व्यायाम न देणे किंवा त्यास फार आखूड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमान्वये गुन्हा आहे.

पिलू घेण्यापूर्वी

जर्मन शेफर्ड सर्वसाधारणपणे नऊ ते तेरा वर्षे जगतो. म्हणजे आज पहिलीत असलेल्या मुलाच्या हट्टासाठी आणलेले पिलू तो मुलगा महाविद्यालयात जाईपर्यंत घरात असणार. दररोज पहाटे व रात्री त्यास फिरविणार कोण, घरातील सर्वजण नोकरीस गेल्यावर त्याच्याजवळ राहणार कोण, उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाताना त्याची व्यवस्था काय, या प्रश्नांची उत्तरे पिलू आणण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून दिली पाहिजेत. शहरांच्या रस्त्यांवर कधीकधी गळ्यात पट्टा असलेला मोठ्या जातीचा कुत्रा अन्नासाठी भटकताना दिसतो. तो एकेकाळी कुणाच्या तरी मांडीवर बसून घरी आलेले पिलू असतो.

ज्यांना राखण व सोबत हवी आहे, परंतु वेळ व जागा मर्यादित आहे, त्यांच्यासाठी आपल्या हवामानात पिढ्यान्पिढ्या रुळलेला देशी कुत्रा हा उत्तम पर्याय होय. तो उन्हास सरावलेला असतो व त्याचे सांधे सहसा तक्रार करीत नाहीत. ज्यांनी जर्मन शेफर्डच आणण्याचे ठरविले आहे, त्यांनी पिलू आणल्यापासून एक-दोन दिवसांतच त्याची पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी व महापालिकेकडे त्याची नोंदणी करावी. हैदराबादेत नारायणगुडा येथील शासकीय पशुवैद्यकीय रुग्णालय आणि राजेंद्रनगर येथील १९४६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसेच मराठवाड्यात परभणी व उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये यांचे मार्गदर्शन घेता येईल.

लसीकरणाच्या तारखा, जंतांचे औषध आणि दर आठवड्याचे वजन यांची नोंद एका साध्या वहीत ठेवावी. वजनाचा आकडा एकदम चढला वा उतरला, तर पिलू बोलू शकत नसले तरी ती वही बोलते. पशुवैद्यकाच्या हाती अशी वही पडली, तर निदानाचा बराच वेळ वाचतो आणि आजारी पिलाच्या बाबतीत हाच वेळ जीव वाचविणारा ठरतो.